एकोणतिसाव्या दिवसाची साय

बीजापासून मोजत गेलं तर एकतीस मिलिमीटरवर, स्फटिकाच्या आत, एक पांढरट पापुद्रा होता. जाडी केसाहून कमी. समोरून पाहिलं तर काहीच नव्हतं. दिवा बाजूने धरून मान जराशी डावीकडे कलती केली की मगच तो उजळायचा, दुधावर नुकती साय धरू लागावी तेवढाच. तिने दिवा विझवला, पुन्हा लावला, स्फटिक अर्धा फिरवला आणि पट्टी परत लावली. एकतीस. त्याच्या खालचं सगळं स्वच्छ होतं, वरचं सगळं स्वच्छ होतं. अठ्ठावन्न दिवस पाण्यात वाढलेल्या, दोन तळहातांत जेमतेम मावणाऱ्या त्या पारदर्शक ठोकळ्यात बिघडलं होतं ते एवढंच, आणि ते नेमकं कुठल्या दिवशी बिघडलं हे तिला वही न उघडता ठाऊक होतं.

स्फटिक कोणी बनवत नाही, ही त्या खोलीतली पहिली शिकवण होती. क्षार गरम पाण्यात विरघळेल तेवढा विरघळवायचा, त्यात नखाएवढं बीज सोडायचं, आणि मग पाणी रोज अगदी थोडं, अंशाच्या काही शतांशांनी, गार करत न्यायचं. बाकीचं स्फटिकाने करायचं. घाई केली की तो आतून गढूळ होतो. दामटलं की तडकतो. म्हणून खोलीच्या दाराला खालून जाड कापड लावलेलं होतं, आत मऊ तळव्याच्या चपला घालाव्या लागत, आणि पंधरा वर्षांत तिला हळू बोलायची इतकी सवय झाली होती की दुकानातली माणसं तिला दोनदा विचारत. काम म्हणजे तरी काय, तर होऊ घातलेल्या गोष्टीला अनुकूल राहणं. हे तिने एकदा घरी जेवताना सांगितलं तेव्हा बाबांनी घास हातात तसाच धरून तिच्याकडे पाहिलं होतं, आणि म्हणाले होते, “हे मला एक अख्खं पुस्तक लिहून नीट सांगता आलं नाही.”

“निघाली का स्वारी बाहेर?” दारातून काचवाले म्हणाले. इथली सगळी भांडी, नळ्या, मोठाल्या काचेच्या टाक्या तेच फुंकून घडवत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांना या इमारतीत सगळे काचवालेच म्हणत.

“निघाली. साय आहे.”

“कुठे? मला तर आरपार तुझं नाक दिसतंय.”

“दिवा इकडून धरा.”

त्यांनी धरला. मान डावीकडे कलती केली. “वीज गेली होती?”

“नाही.”

“ढवळायची मोटार अडकली?”

“नाही.”

“मग पाण्यालाच वेड लागलं म्हणायचं. वहीत काय आहे?”

“वहीत सगळं ठीक आहे.”

काचवाल्यांनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं. “वहीचं काय, आपण लिहू ते ती ऐकते. हा पठ्ठ्या ऐकत नाही.” त्यांनी स्फटिकाला बोट न लावता नुसतं त्याच्याकडे केलं. “साहेबांना काय सांगणार?”

“बघते.”

“बघते! आज पाच वाजता तुमच्याकडे चर्चचे पाळक येणार ना? त्यांच्या कागदाचं काय ठरलं?”

“बघते.”

“तुला ना, डोळ्यांच्या डॉक्टरांनी बक्षीस द्यायला पाहिजे,” काचवाले म्हणाले आणि आले तसे मऊ पावलांनी निघून गेले.

त्या दिवशी, एकोणतिसाव्या दिवशी, सकाळी दहाला आईचा फोन आला होता. आईच्या आवाजात काहीतरी ओलं होतं. आधी तिला वाटलं बाबांचं काही झालं; मग कळलं की आई हसते आहे. “पाळक येऊन गेले. कागद आणलाय. यांना परत घेतायत गं चर्चच्या मंडळीत. तुझी एक सही लागेल फक्त, यांच्या वतीने.” आईला असं हसताना तिने सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने हो-हो म्हणत फोन ठेवला, यंत्रापाशी गेली आणि त्या दिवसाचा आकडा घातला: आठ शतांशाऐवजी आठ दशांश. एक शून्य कमी पडलं. चाळीस मिनिटांनी लक्षात आलं. तिने पाणी पुन्हा मूळ तापमानावर आणलं, स्फटिकाच्या कडा तपासल्या, काही दिसलं नाही, आणि वहीत लिहिलं: आठ शतांश. सुवाच्य अक्षरात. तिच्या आयुष्यातली ती पहिली खोटी नोंद. लहानपणी सगळं मोजत सुटायची म्हणून तिला मोजपट्टी म्हणत. तिने ही नोंद केली यावर घरात कोणी विश्वास ठेवला नसता. मोजपट्टी हे नाव ज्याने ठेवलं त्या दादाने, तिच्या थोरल्या भावाने, तर मुळीच नाही.

कागदावर चारच ओळी होत्या. माझ्या मुलाच्या दफनाच्या वेळी मी देवाच्या सामर्थ्याविषयी जे विधान केले ते दुःखाच्या भरात केले होते. ते मी मागे घेतो. खाली बाबांचं नाव, आणि त्यांना बोलता-लिहिता येत नसल्याने कुटुंबातल्या जाणत्या व्यक्तीची सही. सही झाली की बाबांचं नाव मंडळीच्या यादीत परत चढणार होतं. नाव चढलं की त्यांना प्रभुभोजन, उपासनेतली ती भाकर आणि द्राक्षारस, मिळणार होतं, आणि नंतर, डॉक्टरांच्या हिशेबाने फार नंतर नव्हे, मंडळीच्या दफनभूमीत दादाच्या शेजारची रिकामी जागा. सही झाली नाही तर यातलं काहीच नाही. जाणती व्यक्ती म्हणून मंडळीने तिचं नाव का घातलं, आईचं का नाही, हे तिने आईला विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, “माझीच हवी असती तर मी उभ्या उभ्या केली असती. पण त्यांना ठाऊक आहे, यांचं ऐकून घेणारी तू आहेस.”

बाबांना विचारलं नव्हतं असं नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा आवाज गेला होता, उजवा हात गेला होता, मान तेवढी हलत होती. पाळकांनी कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी होकारार्थी मान हलवली असं आई पुन्हा पुन्हा सांगायची. दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेली असताना ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. “बाबा, चहा हवा?” मान हलली. “बाबा, चहा नको?” मान हलली. “तुम्हाला शब्द मागे घ्यायचेत?” हलली. “तुम्हाला शब्द मागे घ्यायचे नाहीत?” तशीच, तेवढीच, त्याच सौम्यतेने हलली. चार दिवस तिने वेगवेगळ्या वेळी हेच केलं, प्रश्नांचा क्रम उलटसुलट करून. उत्तर एकच. म्हणजे उत्तर नाहीच. चौथ्या दिवशी तिने त्यांचा डावा हात हातात घेतला आणि आपण काय करतो आहोत हे जाणवून तिला शरम वाटली. ज्या माणसाने जन्मभर कोणावर काही लादलं नाही त्याची ती चाचणी घेत होती. तेव्हापासून तिने प्रश्न थांबवले, आणि सहीही.

सव्वीस वर्षांपूर्वी दादावर पडलेली भिंत गोदामाची होती. शाळेच्या रस्त्याला लागून चाळीस वर्षं उभी. त्या सकाळी वारा सुटला होता, फार नाही, खिडक्या आपटण्याइतका. तिची भूमितीची परीक्षा होती आणि कंपासपेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिली होती. दादा ती घेऊन सायकलवरून निघाला. दहा वाजून वीस मिनिटांनी भिंत रस्त्यावर आली; रस्त्यावर तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. ती वर्गात शेजारणीच्या कंपासने वर्तुळ काढत होती. पुढे कितीतरी वर्षं तिने ते गणित मनात सोडवलं: सायकलचा वेग, भिंतीची लांबी, म्हणजे किती सेकंद. सात. सात सेकंद इकडे किंवा सात सेकंद तिकडे. एखाद्या बुटाची नाडी सुटली असती तरी पुरलं असतं. लोक भेटायला येत आणि आईचा हात धरून सांगत की देवाची योजना आपल्याला कळत नाही, त्याला हवा होता म्हणून त्याने नेला. आणि ती दाराआड उभी राहून ऐके, आणि तेरा वर्षांच्या डोक्याने अगदी बिनचूक पुढची पायरी चढे. योजना असेल तर तीत पेटीही असणार. पेटी असेल तर तिचं विसरणंही. त्याने नेला, आणि नेताना हात वापरला तो तिचा.

दफनाच्या सकाळी बाबा मागच्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. स्वतःचे झाले, मग तिचे घेतले. ती त्यांच्या पाठीमागे उभी होती, म्हणून विचारता आलं. “बाबा, देवाने मला पेटी विसरायला लावली का?”

ब्रश थांबला. ते तेव्हा धर्मशास्त्र शिकवत, होणाऱ्या पाळकांना. अशा प्रश्नांची पुस्तकातली उत्तरं त्यांना पाठ होती, आणि ती उत्तरं एकेक करून त्यांच्या पाठीवरून जाताना तिला दिसली, खांदे उचलले गेले आणि खाली आले. मग ते म्हणाले, “नाही.”

“मग भिंत पाडली का?”

“नाही. त्याने पाडली नाही. आणि त्याला ती धरता आली नाही.”

“मग त्याला येतं काय?”

बाबा वळले. त्यांच्या बोटांना काळं लागलं होतं. “हाक मारता येते. विटेला, वाऱ्याला, तुला, मला. दर क्षणाला, यातल्या त्यात बरं जे काही होऊ शकेल त्याकडे तो बोलावतो. कोणी ऐकतं, कोणी ऐकत नाही. विटेला तर फारच कमी ऐकू येतं.” मग तिचा बूट पुन्हा हातात घेऊन, “आणि जे झालं ते त्याला लागतं. आपल्याआधी लागतं.” दोन तासांनी दफनभूमीत, सगळ्या मंडळीसमोर, स्वतःच्या मुलाच्या खड्ड्यापाशी त्यांनी हेच सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत. देवाने माझ्या मुलाला नेलं असं कृपा करून कोणी म्हणू नका. बोलताना ते कोणाकडे पाहत होते हे फक्त तिला माहीत होतं.

त्यानंतरचं सगळं शांतपणे झालं, अशा गोष्टी शांतपणेच होतात. मंडळीच्या समितीने बोलावलं, समजावलं, मुदत दिली. बाबांनी आभार मानले आणि काही मागे घेतलं नाही. नोकरी गेली, यादीतलं नाव गेलं. ते शाळेत बीजगणित शिकवू लागले. पण रविवार चुकवला नाही. आई पुढच्या बाकावर बसे, ते शेवटच्या. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे उठून पुढे जात आणि बाबा एकटे बसून राहत, गुडघ्यांवर हात ठेवून, आगगाडीची वाट पाहणाऱ्या माणसासारखे. संध्याकाळी ते वह्या लिहीत. त्या वह्यांत सृष्टीच्या आरंभाविषयी पानंच्या पानं होती. शून्यातून सगळं केलं ही कल्पना राजांना आवडण्यासारखी आहे, त्यांनी लिहिलं होतं. हुकूम सुटला आणि झालं. पण ती जुनी कथा लहान मुलासारखी कान देऊन ऐका: तिथे आधीपासून पाणी आहे, खोल, काळोखं, कुणाचंही न ऐकणारं, आणि देव त्या पाण्याशी झगडत नाही, पक्षीण अंड्यांवर बसते तसा त्याच्यावर थांबून राहतो. दुसऱ्या एका पानावर: सृष्टी एकदा झाली नाही, ती आत्ता होते आहे, आणि देवानेसुद्धा पुढचं पान वाचलेलं नाही. आणि शेवटच्या वहीत, अक्षर थरथरू लागलं होतं तेव्हाचं: जे जे घडलं ते तो आपल्यात ठेवून घेतो, जसं घडलं तसं, वाईटासकट, आणि त्यावरच पुढचं रचतो. काही खोडत नाही.

या सगळ्यावर तिचा विश्वास होता का? तिने ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. कधीकधी भर दुपारी, टाक्यांची मंद घरघर ऐकताना, तिला त्या देवाचा रागही येई. भिंत धरता न येणारा देव घेऊन माणसाने करायचं काय? आईने तर हे बाबांना तोंडावर विचारलं होतं. “ज्याला एक भिंत धरवत नाही त्याच्याशी मी भांडू तरी कशी? माझं भांडण तरी ठेवायचं होतंत माझ्याकडे.” पण तेरा वर्षांची ती मुलगी त्या सकाळी पॉलिश केलेले बूट घालून स्वतःच्या पायांनी दफनभूमीपर्यंत चालत गेली होती, आणि नंतर शाळेत गेली होती, भूमितीत पहिली आली होती, जगली होती, ती त्या एका ‘नाही’वर. आता ते ‘नाही’ दुःखाच्या भरात होतं असं तिनेच लिहून द्यायचं.

तिने स्फटिक पुन्हा उजेडात धरला. एकतिसाव्या मिलिमीटरवर त्याला धक्का बसला होता. तो थांबला नव्हता, उलटला नव्हता. धक्का तसाच आत ठेवून त्याच्यावर आणखी एकोणतीस दिवस, थरावर थर, स्वच्छ वाढत राहिला होता. चूक काढून टाकायची तर स्फटिकच कापावा लागला असता. तिने वही उघडली, एकोणतिसाव्या दिवसाचं पान काढलं आणि ‘आठ शतांश’वर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: आठ दशांश, चाळीस मिनिटं, चूक माझी, नोंद उशिरा. तारीख घातली, सही केली. मग साहेबांच्या खोलीत जाऊन तेच तोंडी सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला, दोन महिने, म्हणाले, दोन महिने, आणि मग म्हणाले, “ठीक आहे, नवं बीज लावा.” जिना उतरून ती तडक घराकडे निघाली.

घरी आईने बाबांची दाढी करून त्यांना ठेवणीतला सदरा घातला होता. टेबलावर चांगले कप. पाळक आधीच येऊन बसले होते. वयाने तिच्याहून लहान, भला माणूस, शाळेत बाबांकडून बीजगणित शिकलेला. बाबांना तो अजून सर म्हणे.

“आलीस? हातपाय धू आणि बस,” आई म्हणाली. “एकोणतीस दिवस झाले. एवढ्यात तुझा तो बरणीतला दगडसुद्धा वाढून बाहेर आला असेल.”

“आजच आला.”

“बघा! दगडाला जमलं.”

पाळक हसले. त्यांनी कागद उलगडून तिच्यासमोर ठेवला, पेन त्यावर आडवं ठेवलं. “ताई, उद्या सकाळी समिती बसेल. मी सगळ्यांशी बोललोय. कोणाच्या मनात काही नाही आता, जुनी माणसंही राहिली नाहीत. एक कागद हवा, बस.”

“यातलं ‘दुःखाच्या भरात’ काढता येईल का?”

“तेवढंच तर त्यांना हवंय,” ते ओशाळून म्हणाले. “आणि ते खोटं थोडंच आहे? मुलगा गेला होता सरांचा. अशा वेळी माणूस काहीही बोलतो.”

ती बाबांकडे पाहत होती. ते खिडकीकडे पाहत होते. “काहीही बोलले नाहीत ते,” ती म्हणाली. “विचार करून बोलले. मी विचारलं होतं.”

“काय विचारलं होतंस?” आईचा कप हातात तसाच राहिला.

“देवाने मला पेटी विसरायला लावली का, असं. त्या दिवशी सकाळी, मागच्या पायरीवर. ते त्याचं उत्तर होतं, आई. मला दिलेलं. नंतर त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं, कारण सगळे मला उलटं सांगत होते.”

बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. आईने कप बशीत ठेवला, फार जपून, जणू तो मऊ चपलांच्या खोलीत ठेवायचा होता.

“पेटी त्याला दिसली नव्हती,” आई म्हणाली.

“काय?”

“तुझ्या दादाला. तो बाहेर पायरीवर बसून सायकलची साखळी बसवत होता. टेबलावरची पेटी मला दिसली. मीच म्हटलं, जा, देऊन ये धावत. तो म्हणाला, जातो गं दहा मिनिटांत. मी म्हटलं, आत्ता जा.” तिने पदराने नव्हे, सरळ हाताच्या पंजाने तोंड पुसलं. “आत्ता जा म्हटलं. हे मी यांनाही सांगितलं नाही. देवाला हवा होता म्हणून माझ्या तोंडून निघालं, असंच धरून चाललेय. नाहीतर मी चालले नसते.”

पाळकांनी मान खाली घातली होती. तिला वाटलं, सव्वीस वर्षं त्या एका टेबलाशी आपण दोघी जेवलो. एकाच सकाळपासून निघून दोघी दोन देवांकडे गेलो, एकीला सगळं करणारा हवा होता, दुसरीला काहीच न करवणारा. आणि मधे हा माणूस, दोघींच्या पानात वाढत, शेवटच्या बाकावर बसत. तिने उठून आईच्या खुर्चीमागे जाऊन तिच्या खांद्यांवर हात ठेवले. खांदे तिच्या आठवणीपेक्षा पुष्कळ लहान होते.

“त्याने तुलाही बोलायला लावलं नाही, आई. तू पेटी पाहिलीस आणि मला परीक्षेत अडू नये म्हणून बोललीस. तेवढंच होतं ते.”

“तेवढंच?” आई म्हणाली. “आणि मग भिंत?”

“भिंत भिंतीची पडली.”

आईने कपाचा कान फिरवून सरळ केला. मग, पाळकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, खरं म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं अशा आवाजात, म्हणाली, “मग यांना त्याच्या शेजारी ठेवणार नाहीत.”

“कदाचित नाही ठेवणार.”

“मी कुठे जाऊ मग? त्याच्याकडे, की यांच्याकडे?”

तिने आईच्या खांद्यांवरचे हात उचलले, टेबलापाशी आली, कागदावरचं पेन उचलून पाळकांसमोर ठेवलं, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच असेल, कोणाला दोनदा विचारावं लागू नये इतक्या मोठ्याने म्हणाली,

“बाबांनी शब्द मागे घेतलेले नाहीत. मी सही करणार नाही.”